एक किलो हळद आणि महिन्याचे ४००० रुपये

मंगळवारपेठकर :

उद्यमनगरकर यांनी परवा येथे लिहिलेले मत दोन दिवस माझ्या मनातून गेले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बालगृहातील मुलाला समाज १८ वर्षे सांभाळतो तेवढे पुरेसे आहे. त्यानंतर शासनाने भत्ता म्हणून दरमहा ४००० रुपये देत राहिल्याने तो कायमचा परावलंबी होतो. आणि शाहू महाराजांच्या वसतिगृहांतील मुलांना असा भत्ता कोणी दिला नव्हता, तरी ती कर्तबगार निघाली.

गेली अकरा वर्षे मी रविवारी कोल्हापुरातील एका बालगृहात मुलांना गणित शिकवतो. तेथील एक हुशार मुलगा दोन वर्षांपूर्वी १८ वर्षांचा झाला, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मदतनीस म्हणून लागला आणि दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहू लागला. पहिला पगार झाल्यावर त्याने मला जेवायला बोलावले. फळीवर मिठाचा पुडा होता, तांदूळ होते आणि एक किलो हळद होती. तेल नव्हते. एवढी हळद कशाला आणलीस, असे विचारल्यावर तो गोंधळला. संस्थेत साठ माणसांचा स्वयंपाक होत असे आणि मसाले पोत्यांतून येत, त्यामुळे एक किलो म्हणजे अगदीच थोडे, असे त्याला दुकानात उभे असताना वाटले होते. पाचव्या आठवड्यात त्याची नोकरी गेली, कारण तो रोज उशिरा पोहोचत होता. दहा वर्षे तो पहाटेच्या घंटेने उठला होता. घंटा नसताना स्वतःहून उठण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हा मुलगा आळशी नव्हता, बारावीपर्यंत त्याची एकही तासिका बुडाली नव्हती.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ४६ हे संस्थेतून बाहेर पडणाऱ्या अशाच मुलांसाठी आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत देता येते. मिशन वात्सल्य या केंद्र शासनाच्या योजनेतील दरमहा ४००० रुपये हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याचे तात्पुरते घर, समुपदेशक, प्रशिक्षणाच्या काळातील विद्यावेतन आणि बचत करून हळूहळू स्वतःच्या जागेत जाणे, हे सर्व २०१६ च्या आदर्श नियमांत लिहिलेले आहे. माझ्या पाहण्यात मात्र फार तर पैसे येतात आणि बाकीचे कागदावर राहते. त्या पैशांवरही आक्षेप घ्यावा, याचे मला दुःख झाले.

शाहू महाराजांचे नाव घेतले म्हणून एवढेच सांगतो, की १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले तेव्हापासून या वसतिगृहांत राहिलेल्या बहुतेक मुलांना गावाकडे घर होते. सुट्टी लागली की ती आईकडे जात, सुगीला शेतात उतरत, बाजारहाट पाहत. त्यांचे वसतिगृह घराला जोडलेले होते. बालगृहातील मुलाच्या बाबतीत संस्था हेच घर असते आणि आपण त्याला एका ठरलेल्या तारखेला त्यातून उठवतो.

उद्यमनगरकर :

आपण माझ्यावर हृदयशून्यतेचा आरोप केलेला नाही, पण सूर तोच आहे. मी बावीस वर्षे फौंड्री चालवतो आणि संस्थांमधील सात मुलांना मी स्वतः कामावर घेतलेले आहे. त्यांपैकी चार जण दोन महिन्यांच्या आत न सांगता निघून गेले. जी राहिली त्यांची सवय अशी, की हातातले काम संपले की जागेवर उभे राहायचे आणि पुढचे काम कोणीतरी सांगेपर्यंत हलायचे नाही. शेजारी साचे पडलेले असतात, वाळू सांडलेली असते, पण सांगितल्याशिवाय हात लागत नाही. ही सवय ४००० रुपयांनी जाणार आहे का? ती आयते मिळण्यातून लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुले स्वतः भाकऱ्या थापत, लाकडे फोडत, शेतात राबत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य केवळ भिंतीवर लिहिण्यासाठी नव्हते. आजच्या बालगृहांत एक तरी मुलगा स्वतःचे ताट सोडून दुसरे भांडे घासतो का, ते सांगावे. शिवाय २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. समाजाने आणखी काय करायचे?

निवृत्त अधीक्षिका :

भांडी घासण्याचा विषय आपण काढलात, म्हणून लिहिणे भाग आहे. मी सव्वीस वर्षे बालगृहात काम केले. सुरुवातीच्या काळात मोठी मुले आळीपाळीने स्वयंपाकघरात येत, भाजी निवडत, आमटीला फोडणी देत. एका वर्षी निरीक्षणासाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी दोन मुलांना लसूण सोलताना पाहिले आणि मुलांकडून श्रम करून घेतले जातात, असा शेरा मारला. खुलासा देण्यात माझे तीन महिने गेले. त्यानंतर स्वयंपाकघराला कडी लागली आणि मुलांना आत येण्याची बंदी झाली. साठ जणांच्या आमटीचे पातेले उकळत असताना एखादे मूल भाजले, तर आई सुटते, अधीक्षिका सुटत नाही. कर्मवीरांच्या काळात लसणाच्या पाकळ्या मोजायला कोणी येत नव्हते.

मुलांना आयते मिळते असे म्हणणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. शहरातील किती कुटुंबे आपल्या मुलांचे वाढदिवस साजरे करायला बालगृहात येतात आणि जिलेबी वाटून, फोटो काढून जातात! त्या एका तासात आमची मुले रांगेत बसून हात पुढे करायला शिकतात. मी विनवण्या केल्या, की जिलेबी नको, दोन मुलांना बरोबर घेऊन मंडईत जा आणि आठवड्याची भाजी आणा. सव्वीस वर्षांत दोन कुटुंबे तयार झाली.

संध्यामठावरून :

बाई, आपल्याविषयी आदर बाळगूनही हे वाचून मला राग आला. आपण मुलांच्या लसणाविषयी लिहिलेत. मुलींच्या लाटण्याविषयी कोण लिहिणार? मी ज्या मुलींच्या संस्थेत चार वर्षे समुपदेशनासाठी जात होते, तेथे बाराव्या वर्षापासून मुली रोज पोळ्या लाटत. पोळ्यांची चळत वाढत जायची, मनगटे दुखायची, आणि कोणत्याही निरीक्षकाने त्याला श्रम म्हटले नाही. त्याला वळण म्हणत. मुलाने स्वयंपाक केला की स्वावलंबन आणि मुलीने केला की वळण, असा हा हिशेब आहे.

पुढची गोष्ट त्याहून गंभीर आहे. मुलगी १८ ची झाली की तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते आणि लग्न लागले की तिच्या कागदांवर पुनर्वसन झाले, असे लिहिले जाते. ज्या मुलीने स्वतःच्या पैशाने एक साडी घेतलेली नाही, एकटीने केएमटीच्या शहर बसने प्रवास केलेला नाही, ती एका घरातून दुसऱ्या घरात पाठवली जाते. तिला आपण स्वतंत्र आयुष्यासाठी तयार केले, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

निवृत्त अधीक्षिका :

आपण चार वर्षे आठवड्यातून एकदा येत होता. मी तेथेच राहत होते. मी अकरा मुलींची लग्ने लावली आणि प्रत्येक घर स्वतः जाऊन पाहिले. शेजारी चौकशी केली, नोकरीच्या ठिकाणी केली. त्यांपैकी दोघी बाळंतपणाला माझ्याकडे आल्या, कारण माहेर म्हणून जायला त्यांना दुसरी जागा नव्हती. लग्न लावू नये म्हणता, मग रात्री आठ वाजता सामान घेऊन त्या मुलीने कोठे जायचे, याचे उत्तर आपल्याकडे तेव्हा होते का? मुलींसाठी राहण्याची दुसरी सोय असती, तर अकरांपैकी पाच-सहा लग्ने मी थांबवली असती, हे मात्र कबूल करते. ते कबूल करणे मला सोपे नाही.

संध्यामठावरून :

आपल्या हेतूविषयी मला शंका नव्हती. सोय नव्हती हेच तर माझे म्हणणे आहे, आणि सोय नसल्याची किंमत त्या मुलींनी मोजली. लाटण्याविषयीचे एक अक्षरही मी मागे घेत नाही.

कळंबा रस्ता :

मी या चर्चेत येणार नव्हतो. सहाव्या वर्षापासून मी बालगृहात वाढलो आणि आता एका कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटरचे काम, करतो. वर सर्वांनी आमच्याविषयी लिहिले, म्हणून आता आमच्यातल्या एकाने लिहितो.

माझी जन्मतारीख १ जून आहे. ती खरी नाही. डॉक्टरांनी दात आणि हाडे पाहून वयाचा अंदाज बांधला आणि तारीख शाळेच्या सोयीची पडली. त्या अंदाजाच्या तारखेला मी कायद्याने सज्ञान झालो, तेव्हा बारावीचा निकालही लागलेला नव्हता. भत्त्याविषयी मला कोणी सांगितले नाही. पहिल्या रात्री खोलीत मी एकटा होतो. चाळीस मुलांच्या श्वासांच्या आवाजात बारा वर्षे झोपल्यावर त्या शांततेत झोप लागली नाही, म्हणून मी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन बाकावर झोपलो. तेथे माणसे होती.

उद्यमनगरकर, काम संपल्यावर आम्ही जागेवर उभे राहतो, हे आपण बरोबर पाहिलेत. कारण मात्र चुकले. संस्थेत न विचारता केलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी बोलणी खावी लागतात. दिवा लावायला विचारायचे, गच्चीवर जायला विचारायचे, दुसरी पोळी घ्यायला विचारायचे. बारा वर्षांत आम्हाला चूक करू दिली गेली नाही आणि पहिली चूक आपल्या कारखान्यात झाली, जेथे तिला माफी नव्हती. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. माझे पासबुक मात्र १८ वर्षे होईपर्यंत कार्यालयाच्या कपाटात होते. दर महिन्याला ५० रुपये हातात देऊन ते उधळू दिले असते, तर चौदाव्या वर्षी जे कळले असते ते मला विसाव्या वर्षी कर्ज करून कळले.

आरक्षणाचे म्हणाल, तर त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. बालगृहातील कितीतरी मुलांची आई किंवा वडील हयात असतात. ती अनाथ ठरत नाहीत आणि घरीही जाऊ शकत नाहीत.

पेठेतल्या मुलाच्या मागे त्याची तालीम, म्हणजे गल्लीतले मंडळ, असते. तो दवाखान्यात असला तर दहा जण बाहेर उभे राहतात, नोकरी गेली तर कोणीतरी शब्द टाकतो, घरमालक अडला तर मंडळाचा अध्यक्ष जाऊन बोलतो. तुमच्यातील कोणीही १८ व्या वर्षी एकट्याच्या बळावर उभा राहिलेला नाही. आमच्याकडूनच ती अपेक्षा का? माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना होता. त्यात मी संस्थेचा दूरध्वनी लिहिला. तो संध्याकाळी सहानंतर कोणी उचलत नसे, हे मला ठाऊक होते, पण दुसरा क्रमांकच नव्हता.

मंगळवारपेठकर :

आपण लिहिलेत ते माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा मोलाचे आहे. मी त्या मुलाला अकरावीचे गणित शिकवले, टक्केवारी शिकवली, चक्रवाढ व्याज शिकवले. चार माणसांना महिन्याला हळद किती लागते, हे मात्र शिकवले नाही. या रविवारपासून १४ वर्षांवरील सहा मुलांना घेऊन कपिलतीर्थ मंडईत जाण्याची परवानगी मागणार आहे. प्रत्येकाच्या हातात १०० रुपये असतील आणि हिशेब ज्याचा त्याने लिहायचा. संध्यामठावरून, मुलींच्या संस्थेत असे काही करायचे असेल तर आपण पुढाकार घ्यावा. तेथे लाटण्याऐवजी पासबुकापासून सुरुवात व्हावी. अधीक्षिका बाई, परवानगीचा अर्ज कसा लिहिला म्हणजे कोणी शेरा मारणार नाही, ते आपणच सांगू शकाल.

निवृत्त अधीक्षिका :

अर्जात ‘मदत’ किंवा ‘काम’ हे शब्द अजिबात लिहू नका. कायद्याच्या कलम ५३ मध्ये संस्थेने द्यायच्या सेवांत जीवनकौशल्य शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, तो आधार द्या. मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात त्याची नोंद करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मला हे पंधरा वर्षांपूर्वी सुचायला हवे होते.

उद्यमनगरकर :

केवळ पैसे देऊन माणूस उभा राहत नाही, हे माझे मत कायम आहे आणि भत्त्याला प्रशिक्षणाच्या हजेरीची अट असावी, असेही मला वाटते. कारण शोधण्यात मी चुकलो असेन. ती चार मुले का गेली, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते.

आज दुपारी कार्यालयात जुने अर्ज काढून पाहिले. सातही मुलांच्या अर्जांत त्या रकान्यात संस्थेचाच दूरध्वनी आहे. तीन मुले अजून माझ्याकडे कामाला आहेत. उद्या पहिल्या पाळीला त्यांना बोलावून तो क्रमांक खोडायला आणि तेथे माझा लिहायला सांगणार आहे.