पाऊस आला की ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, गच्चीवरच्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, जुनं घर आहे. गच्चीवर प्रेशर पंप, एक फ्लड लाईट आणि जिन्याकडचा कॅमेरा, तिन्हीचे जॉइंट एकाच प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये घेतलेत. रात्री जोराची सर आली की ईएलसीबी पडतो तो वर राहतच नाही, मग ऊन पडलं की दुपारपर्यंत आपोआप ठीक. इलेक्ट्रिशियन म्हणतो ईएलसीबी खराब आहे, काढून साधा एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडणारा स्विच) लावतो. मी साफ नाही म्हटलं. आई रोज सकाळी ओल्या पायांनी तिथंच तुळशीला पाणी घालते, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला एमसीबी कुठला पडायला?

काल मेन बंद करून बॉक्स उघडला. आयपी६५ (म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येणारा) लिहिलेला बॉक्स, झाकणाला चहूबाजूंनी सिलिकॉन, तरी आतून थेंब लोंबत होते आणि तळाला बोटभर पाणी. जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळलेली, ती चिकट होऊन हातातच सुटून आली आणि खाली तांब्यावर हिरवी पूड. वायरी वरून आत शिरतात. पाणी वायरीवरून उतरतंय की आतच घाम धरतोय? तळाला भोक पाडू का?

प्रतिसाद: दोन्ही होत असणार. दिवसा तापलेली हवा रात्री थंड झाली की दमटपणा आतच थेंब धरतो, आणि तुम्ही तर त्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. वायरी खालून घ्या, केबलच्या जाडीचेच ग्लँड (वायर शिरते तिथं तिला घट्ट आवळणारं बूच) लावा, आणि शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. तळाला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडाच. हिरवं झालेलं तांबं चकचकीत लागेपर्यंत कापून टाका, नवीन जॉइंटवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत होता का? त्यातलं ॲसिड तांबं खातं, न्यूट्रल क्युअरवालं (सुकताना ते ॲसिड न सोडणारं) मागा. ईएलसीबीला हात लावू देऊ नका. आणि पंपाचं वाइंडिंग (मोटारीतली तार) मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, गळती तिथलीही असू शकते.

धागाकर्ता: हो, वास तसाच उग्र होता! पंपाचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत्ताच सोडवून टोकं झाकून ठेवलीत, आज रात्री सर आली आणि तरी ईएलसीबी पडला तर दोष बॉक्समध्ये किंवा बाकीच्या दोघांत धरायचा ना? आईला तोवर गच्चीवर जाऊ देत नाहीये.