इटलीतली आठवी भारतीय डिव्हिजन: ते युद्ध आपलं की इंग्रजांचं?

डोंगरवाट
आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत ९ एप्रिलला शिपाई नामदेव जाधवांवर कार्यक्रम घ्यावा, असं मी सुचवलं. लगेच एक जण म्हणाले, "इंग्रजांच्या चाकरीतलं शौर्य पोरांना कशाला सांगायचं?" ते मनाला लागलं, म्हणून हा धागा.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतली आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत तारांतोला उतरली आणि मग दीड वर्ष नद्याच ओलांडत राहिली. त्रिन्यो, सांग्रो, मे १९४४ मध्ये कासिनोजवळची गारी, आणि पुढे सेनियो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण या डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. सेनियोचे बांध उंच आणि उभे, जर्मनांनी आतून पोखरून मोर्चे केलेले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. पाण्यातून पलीकडे पोचताच तीन मशीनगनांचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, सोबतचे बाकीचे ठार. जाधवांनी दोन फेऱ्या करून दोघा जखमींना खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग एकटे परत गेले. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकली आणि ग्रेनेडवर लढले. तिन्ही मशीनगना बंद पाडल्या, बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

हा आपला इतिहास नसेल तर कोणाचा?

जुनी_पोथी
जाधवांच्या छातीबद्दल वाद नाही. पण युद्ध आपलं नव्हतं. १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं इथल्या एकाही नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल डडली रसेल, आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण ठेवलेली. डिव्हिजन सांग्रोवर लढत होती त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली.

आणि तुमच्याच जिल्ह्याचं बोलू. नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. जिल्ह्याचा पोरगा ज्या सरकारसाठी सेनियोत उतरला, त्याच सरकारनं त्यांना डांबलं होतं. पलटणींत जिथून भरती होई त्या साताऱ्यात तेव्हा प्रतिसरकार चालू होतं. मुलांना आधी कोणाबद्दल सांगायचं?

पलटणवाला
मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी केली आहे. दादा, शिपाई गोळी लागत असताना व्हाइसरॉयचा विचार करत नाही. जाधव पहिल्यांदा वळले ते मशीनगनीकडे नाही, जखमी सोबत्यांकडे. त्याच पलटणीला आजही जंगी पलटण म्हणतात. १५ ऑगस्टच्या आधीचं कापून टाका म्हटलं तर कुठून कापणार?

आणि समोर कोण होतं तेही बघा. हिटलरची फौज.

जुनी_पोथी
हिटलर वाईट म्हणून चर्चिल आपला होत नाही. कोरडवाहू गावातला तरुण पगारासाठी भरती झाला, त्याला 'स्वेच्छा' म्हणणं मला जड जातं. त्याचा मान राखायचा तर ही गरजही सांगायला हवी.

आजोबांची_नात
माझे आजोबा त्याच मोहिमेत होते. त्यांच्या ट्रंकेत इटली स्टार हे त्या मोहिमेचं पदक आहे, लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल फीत, कडेनं विरलेली. लढाईबद्दल ते बोलत नसत. थंडीबद्दल बोलत, आणि लंगरच्या दाराशी डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या इटालियन पोरांबद्दल. भरती का झालात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरात पाच तोंडं होती." जुनी_पोथी, तुमचं खरं आहे. पण म्हणून ते कोणाचे चाकर होते, असं कोणी म्हटलेलं मला सहन होत नाही.

इटलीत ५,७८२ भारतीय जवान गेले. हिंदू जवानांना अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांच्या कबरी नाहीत. सांग्रोच्या युद्धस्मशानभूमीत अशा पाचशेहून अधिक जणांची नावं एका स्मारकावर आहेत. तिथे उदबत्ती लावायला आपल्याकडून किती जण जातात?

डोंगरवाट
ताई, तिथले लोक आठवण ठेवतात. इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगेंसाठी मोंतोनेत २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

पलटणवाला
एक दुरुस्ती. घाडगे तिसऱ्या पलटणीचे, ती दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. आठवीबद्दल सांगायचं तर मोंतेगुफोनीचा वाडा सांगा. फ्लॉरेन्सची जगप्रसिद्ध चित्रं तिथे लपवून ठेवलेली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ती सापडल्यावर राखण करायला मराठे उभे राहिले. हे पोरांना नक्की आवडेल.

डोंगरवाट
जुनी_पोथी, ९ एप्रिलला तुम्हीही या. किल्ल्याबद्दल आणि प्रतिसरकारबद्दल तुम्हीच बोला, सेनियोबद्दल मी बोलतो.

जुनी_पोथी
येईन. पण फलकावर 'देशासाठी लढले' असं लिहिणार असाल तर मुलांसमोरच हरकत घेईन. 'सोबत्यांसाठी' लिहा, मी स्वतः हार घालतो.