वर्षात किती रविवार भरले की माणूस ख्रिस्ती धरायचा?

पंचगंगाकाठ
सलाम मंडळी. गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये (नाव घेत नाही, कोल्हापुरातलंच) आशीर्वादाच्या आधी जाहीर झालं की आता पंचांच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या) निवडणुकीत मत द्यायचं असेल तर वर्षातले निम्मे तरी रविवार हजेरी पायजे. दाराशी वही ठेवलीय, आत येताना सही करायची. प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) रविवार होता, आणि माझ्या शेजारचे काका तिथंच बोटांवर मोजायला लागले.

मला वहीचा राग नाही आला एवढा. पण घरी जाताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा डोक्यात आलं की मी दोन वर्षांत जवळजवळ एकही रविवार चुकवला नाही आणि त्यातल्या कितीतरी रविवारी उपदेश चालू असताना माझ्या डोक्यात ईएमआय, पोरीची फी आणि दुपारी पाहुणे येणारेत तर मटण एक किलो पुरंल का दीड आणावं, हेच चाललेलं. मग माझी सही खरी का खोटी? यशया संदेष्ट्यानं सांगून ठेवलंय आणि येशूनं परुश्यांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, तेच परत ऐकवलं, की ओठ जवळ आणि अंतःकरण लांब. माझं म्हणणं एवढंच की हजेरीवरनं समर्पण मोजू नये. मोजणारच असाल तर आधी मला नापास करा.

फौंड्रीवाला
भावा मनातलं बोललास. माझी सुट्टी सोमवारी. रविवारी फर्नेस चालू असते आणि मेटल तयार झालं की ते ओतायलाच लागतं, ते काय उपासना सुटेपर्यंत थांबत नाही. मी पहाटे उठून एक अध्याय वाचतो, बाईकवर 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गाणं म्हणत जातो, हेल्मेटमध्ये आवाज लई भारी घुमतोय. मागं हाताखालच्या एका पोराचा हात भाजला, त्याच्याजवळ रात्रभर दवाखान्यात बसलो. नेमकी त्या रविवारी रजा होती, पण सकाळी घरी येऊन आडवा झालो ते दुपारीच उठलो. म्हणजे त्या दिवसाची पण माझी सही नाही. आता मी मतदार नाही, ठीक, पण बाप्तिस्मा तरी ऱ्हाऊ द्या म्हणावं.

आल्टोवाली
दोघांनाही सलाम, पण मला पटत नाही. फौंड्रीवाले दादा, तुमचं सोडा, तुमची अडचण खरी आहे. पण "देव मनात असतो" हे मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यातले निम्मे नाताळच्या रात्री नवीन सूट घालून पहिल्या बाकावर असतात. मन लागत नाही म्हणून जायचं नाही? अहो मन लागावं म्हणूनच तर जायचं असतं. मी कोयरमध्ये आहे. पहिल्या दोन कडव्यांना माझ्या डोक्यात पण सिंकमधली भांडीच असतात, आणि मग तिसऱ्या कडव्याला कधीतरी, दर वेळी नाही, एकदम गळा दाटून येतो. आधीची दोन कडवी कोरड्या मनानं गायली म्हणून तिसऱ्यापर्यंत पोचले ना मी? घरी बसून नुसतं तिसरं कडवं नाही येत.

आणि येशूच्या शिष्याचं, थोमाचं बघा. प्रभू मेलेल्यातनं उठला त्या पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी बाकीचे शिष्य एकत्र होते, हा एकटा तिथं नव्हता आणि नेमका तेव्हाच प्रभू आला. पुढं आठ दिवसांनी थोमाला दिसला तो पण सगळ्यांच्यात बसलेला असताना. एकट्याला गाठून वेगळं दर्शन नाही दिलं.

फौंड्रीवाला
ताई थोमा मान्य. पण प्रभू त्याला असं म्हणाला का, की तुझी मागच्या आठवड्याची गैरहजेरी लागलीय? उलट खिळ्यांच्या खुणांचे हात पुढं केले, बघ म्हणाला. आणि बाकीचे तरी काय, दारं लावून भिऊन बसलेले. भक्तीनं नव्हते बसले.

आल्टोवाली
भिऊन का होईना, बसले होते. तेच म्हणतेय मी.

मिरजलाईन
जरा इतिहासाचं बोलतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो, पण त्याच टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आता ती न घेतलेली माणसं कुठल्या चर्चच्या वहीत असणार होती? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडातला. आणि त्यांनीच पुढं आपल्या साक्षीत लिहिलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त मिळायला नंतर कित्येक वर्षं गेली. मधल्या वर्षांत बाई चर्चमध्ये जातच होत्या की. ज्यांचं नाव घेऊन आपण मिरवतो त्या दोघांनाही नुसती हजेरी पुरली नाही.

जुनापंच
टिळकांना मध्ये आणलंत ते बरं केलंत. दरबार म्हणजे पण माणसं जमायचीच ना, एकट्याचा दरबार कधी भरलाय काय? त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, ती काय भिंतीसमोर? नोकरी सोडली त्यांनी, माणसांत बसणं नाही सोडलं.

आता वहीबद्दल. मी पंच होतो, त्या बाजूनं सांगतो, शिव्या नंतर घाला. निवडणुकीच्या आधी दोन महिने असे चेहरे दिसायला लागतात जे तीन वर्षांत नाताळ सोडून दिसलेले नसतात. गाड्या भरून येतात, मत टाकतात, चहा पितात, गायब. त्यांच्या मतावर पाळकांच्या (पाद्रीसाहेबांच्या) घराची दुरुस्ती ठरते, कब्रस्तानाच्या भिंतीचा खर्च ठरतो, आणि वर्गणीची पावती फाडायला मात्र आम्ही दारोदार. वही त्यासाठी आहे. तुमचं समर्पण मोजायला कोण बसलंय, पंचांना तेवढी अक्कल असती तर मीटिंगा रात्री अकरापर्यंत चालल्या नसत्या.

आणि येशू स्वतः दर शब्बाथाला (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) सभास्थानात जायचा, परिपाठच होता, लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथंच अशाच एका शब्बाथाला नासरेथ या त्याच्या गावच्या लोकांनी त्याला कड्यावरनं ढकलायला नेलं. तरी पुढं कफर्णहूमात शब्बाथाला परत हजर. आपण तर कुणी नीट सलाम घातला नाही म्हणून चर्च बदलतोय.

रंकाळावॉक
ऑनलाइन बघितलेली उपासना धरतात का सहीला? 2020 ला तीच धरली होती. दान पण फोनवरनं चाललं तेव्हा, त्याला कोण नाही म्हटलं नाही.

पंचगंगाकाठ
जुनापंच काका, मतदानाचं तुमचं पटलं, खरंच. मग तसं सांगायला पायजे होतं. त्या दिवशी जाहीर करताना बायबलातल्या इब्रीकरांच्या पत्रातलं "एकत्र मिळणे न सोडता" वाचलं आणि लगेच पुढं वहीचं सांगितलं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं की सही म्हणजेच विश्वास. त्याच वचनात पुढं एकमेकांना बोध करा, धीर द्या असं पण आहे, ते कुणी वाचलं नाही. आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायाचं काय? अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आमच्यात दोन घरं आहेत, सामाईक भिंतीवरनं सहा वर्षं बोलत नाहीत, एक डावीकडं बसतं एक उजवीकडं. दोघांची हजेरी शंभर टक्के.

जुनापंच
ती दोन घरं मला माहीत आहेत. त्यातलं एक माझं नाही एवढंच सांगतो.

वही आमच्या वेळी पण होती, पण ती दाराशी नसायची, पाळकांच्या टेबलावर असायची. लागोपाठ दोन रविवार कोण दिसलं नाही की त्या भागातल्या पंचानं सायकल काढायची आणि घरी जाऊन यायचं. माझ्याकडं कसबा बावडा होता. निम्म्या वेळा तिथं चहा आणि तक्रारी, पण एकदा गेलो तर माणूस तापानं फणफणलेला आणि घरात दुसरं कुणी नाही. हे कधी बंद पडलं आठवत नाही. मी पंच असतानाच पडलं असणार.

आल्टोवाली
काका तुम्ही हे लिहिलंत आणि मला धस्स झालं. आमच्याकडं तिसऱ्या बाकावर खिडकीकडं एक आजी बसतात, उपदेश सुरू झाला की चष्मा पुसतात, म्हणून लक्षात आहेत. चार रविवार झाले दिसल्या नाहीत. वहीत त्यांची सही नाही हे बघायला वही नाही लागली मला, जागा रिकामी दिसत होती. पण मी तरी कुठं गेले? शनिवारी प्रॅक्टिस, रविवारी उपासना, मग घर. राजारामपुरीतच राहतात, दहा मिनिटं लागतात.

रंकाळावॉक
मुलगा पुण्याला असतो ना त्यांचा?

आल्टोवाली
हो. उद्या दुपारी शाळेत पेपर तपासायचे आहेत, संध्याकाळी सहानंतर जाईन. एकटीला जरा अवघडल्यासारखं होतंय, इतक्या दिवसांनी.

फौंड्रीवाला
उद्या सोमवार, मला सुट्टी. सहाला गल्लीच्या तोंडाशी थांबतो. आजींना गोड चालतं का, शुगर बिगर नाही ना?