इनडोअर हॉलमध्ये आवाज घुमतोय, शनिवारी कार्यक्रम आहे, मदत हवी

अनगोळकर: बेळगावात इनडोअर हॉलमध्ये शनिवारी ऑर्केस्ट्रा आहे. साउंड टेस्ट घेतली तर निवेदकाचं अक्षर मागं कळत नाही, नुसतं घुमतंय. साउंडवाला म्हणतो चार टॉप (मोठे स्पीकर) वाढवा. वाढवू का? लवकर सांगा.

निपाणी_साउंड: वाढवू नका, घुमणं वाढेल. हॉल केवढा, छत कशाचं, टॉप कुठं ठेवलेत?

अनगोळकर: पत्र्याचंच की हो. ६० बाय ४०. टॉप स्टेजच्या दोन्ही बाजूंना.

खानापूरकर: फूट का मीटर? उंची?

अनगोळकर: मीटर. मधोमध १४, कडेला १०.

शहापूर_५: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. स्वस्तात काम.

निपाणी_साउंड: कृपा करून हे करू नका! पातळ पुठ्ठा जाड आवाज शोषत नाही, आणि ठिणगी पडली की भडकतो. आत माणसं बसणार आहेत. थर्माकोलचंही तेच. लावायची तर ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची गादी), घनमीटरला ४८ किलो घनतेची, मागं १०० मिमी पोकळी सोडून.

खानापूरकर: शनिवारच्या आत ग्लासवूल कोण लावणार? टेस्ट रिकाम्या हॉलमध्ये घेतली ना? माणसं किती येणार?

अनगोळकर: रिकामाच होता. खुर्च्या २,०००.

खानापूरकर: मग हिशेब बघा. सरासरी उंची १२ धरून हॉल २८,८०० घनमीटर. त्याला ०.१६१ नं गुणून एकूण शोषणानं भागायचं, की आवाज विरायला किती सेकंद लागतात ते कळतं. रिकाम्या हॉलचं शोषण ९०० चौरस मीटर धरलं तर घुमणं ५ सेकंद. माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो, म्हणजे हॉल भरला की अडीचच्या आत. निम्मा त्रास माणसंच घालवतील.

निपाणी_साउंड: अडीचही बोलण्याला जास्तच. आत्ता टॉपची तोंडं मागच्या भिंतीकडं असणार, ती खाली माणसांवर वळवा. मेन टॉपपासून ३० मीटरवर दोन छोटे टॉप लावा, मेनचा आवाज उतरवा. आवाज सेकंदाला ३४५ मीटर जातो, म्हणून ३० मीटरला ८७ मिलिसेकंद, वर १५ मिळवून छोट्या टॉपना १०२ चा डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडा. मग मागच्यालाही आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. निवेदकाच्या माइकला १२० हर्ट्झखाली कट मारा, म्हणजे जाड आवाज काढून टाका.

वडगाव_स्पोर्ट्स: पुढं कधी छताला आवाज शोषणारी पॅनेल टांगाल तर जपून. मोठ्या स्पर्धेत व्हॉलीबॉलला १२.५ मीटर मोकळी उंची लागते. आणि जमीन लाकडी असेल तर खुर्च्यांखाली फेल्ट, वर १२ मिमी प्लाय. खुर्चीच्या पायाचा खड्डा पॉलिशनं जात नाही.

अनगोळकर: जमिनीचं कुणी विचारलंय? मिक्सरवर डिले लावून बघितला, गाणं दोनदा ऐकू येतंय!

निपाणी_साउंड: तो इफेक्टचा डिले, आवाज पुन्हा ऐकवणारा, बंद करा आधी. स्पीकर प्रोसेसरमध्ये आउटपुटचा वेगळा असतो. फक्त मागच्या दोन टॉपच्या आउटपुटला द्या, मेनला शून्यच ठेवा.