चर्चच्या पाळकाने सगळं स्वतःच का करायचं?
"पाळकाने प्रत्येक घरी स्वतःच गेलं पाहिजे" हे मला नाही पटत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 6 बघा ना, विधवांना रोज होणाऱ्या अन्नाच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, ते काम सात जणांवर सोपवलं आणि स्वतः प्रार्थना नि वचनाची सेवा, म्हणजे देवाचं वचन शिकवणं, धरून ठेवली, म्हणजे वाटप हलकं काम होतं असं अजिबात नाही हां, त्या सातांवरही हात ठेवून प्रार्थना केली. आपल्या कोकणात तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, माणसं घरी भेटतात, तेव्हाच गृहभेटी नि बायबल अभ्यास जास्त ठेवा, हिशोब-मिटिंगा चर्चच्या कमिटीकडे द्या. आजारी माणूस आणि मयताचं घर, तिथे मात्र पाळकानेच जावं, कितीही कामं असू देत.