मदत हवी आहे: घरातल्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय

नमस्कार मंडळी. बंद बाल्कनीत १५ लिटरच्या बादल्यांमध्ये टोमॅटो लावलेत. मिश्रण ६० टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३० टक्के गांडूळखत, १० टक्के परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे). ऊन कमी म्हणून ग्रो लाइट रोज १४ तास. फुलांचे घोस टिचकीने हलवते, फळं छान धरतात. पण फळ लिंबाएवढं झालं की देठाच्या विरुद्ध टोकाला पाणचट डाग पडतो आणि काही दिवसांत तो काळा, चामड्यासारखा होऊन आत खचतो. पानं हिरवीगार, कीड नाही. त्याच मिश्रणातला चेरी टोमॅटो मात्र ठणठणीत.

म्हणजे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, हे नक्की. पाणी रोज ठरल्या वेळी देते, १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर आणलंय. अंड्याच्या टरफलांची पूडही घातली, पण ती विरघळायला फार वेळ लागतो. पानांवरची फवारणी कृपया सुचवू नका, पानातलं कॅल्शियम फळाकडे वळत नाही.

माझा संशय आरओच्या पाण्यावर आहे, त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. शिवाय कोकोपीट नुसतं धुतलेलं आहे, कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवलेलं नाही, त्यामुळे तेच कॅल्शियम धरून ठेवत असणार. झाडं फळांवर आहेत, मिश्रण बदलणं शक्य नाही. दुसरं पाणी फक्त बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास.

अशा लागत्या झाडांना कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा (१९:१९:१९ पासून वेगळ्या दिवशी, नाहीतर साका बसतो) पुरेल का? आणि आरओमध्ये बोअरचं पाणी किती मिसळलं तर चालेल?