टोकाच्या खोलीत नेट: पॉवरलाइन घेऊ की डिशची जुनी केबल वापरू?

कोपऱ्यातली_खोली
राउटर हॉलमध्ये, टोकाच्या बेडरूममध्ये वायफाय जेमतेम. भिंत फोडायची नाही. डिश बंद केली आहे, पण तिची केबल दोन्ही खोल्यांत आहे. घरात इन्व्हर्टर आहे. पॉवरलाइन अडॅप्टर (घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारा) चालेल का?

फेज_न्यूट्रल
आधी मेन बंद करून बघा, कुठली सॉकेट इन्व्हर्टरवर चालू राहतात. एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरं थेट मेनवर असेल तर सिग्नल बहुधा वाटेतच मरतो. थ्री-फेज मीटर असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर हवीत.
अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये लावू नका. २ ते ८६ मेगाहर्ट्झचा हा सिग्नल त्याच्या लेखी नुसता कचरा, तो गाळूनच टाकणार. शेजारी स्वस्त चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर असला तरी वेग पडतो. खोक्यावर १००० एमबीपीएस लिहिलेलं असतं. हातात १५० आले तर खूश राहा. ६०० वाल्या बऱ्याच मॉडेलांचं लॅन पोर्टच १०० चं असतं.

आरजी६
डिश बंद आहे ना? मग मोका २.५ ची, म्हणजे डिशच्या केबलमधून नेट नेणाऱ्या अडॅप्टरची, जोडी घ्या. बाहेर एलएनबीपाशी (डिशच्या तोंडाशी असलेला डबा) दोन्ही केबल सोडवून एफ-जॉइनरने (केबलची दोन टोकं जोडणारा तुकडा) एकमेकींना जोडा, वरून वॉटरप्रूफ टेप. मधला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा) काढून टाका. ठेवायचाच तर ५-१६७५ मेगाहर्ट्झ छापलेला हवा. अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर अडॅप्टरच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट आहे का ते वाचा.
डिश चालू असती तर नको म्हटलं असतं. ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ वापरते, मोका ११२५ ते १६७५. थेट टक्कर.

कोपऱ्यातली_खोली
आणि उद्या त्याच वायरवर केबल टीव्ही घेतला तर?

आरजी६
चालेल, तो मोकाच्या खालच्या पट्ट्यात असतो. फक्त वायर घरात शिरते तिथे मोका फिल्टर लावा आणि पासवर्ड चालू करा, नाहीतर तुमचं नेटवर्क शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत.

जुना_वायरमन
खरेदीआधी एक करा. डिशची केबल एका टोकाला हलकेच ओढा. दुसरीकडे हलली तर ती पाइपात मोकळी आहे. मग तिच्याच शेपटीला कॅट६ (नेटची लॅन केबल) आणि एक नायलॉन दोरी टेपने बांधून ओढून घ्या. सांधा बारीक ठेवा, एल्बोत (पाइपाच्या वळणात) अडकतो. अडकलीच तर जोर लावू नका, उलटी ओढून पुन्हा बांधा. प्लास्टरमध्ये गाडलेली निघाली तर मोका. लाइटच्या पाइपातून मात्र कॅट६ नेऊ नका, इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट थेट राउटरमध्ये.